सांडपाण्याची सोय : माटुंग्याचा जुना धडा

(जीर्णोद्धार समारंभात झालेल्या भाषणावरून)



देऊळ नवे झाले. आता उत्सवाला माणसे वाढतील, पंगती बसतील, नळाखाली हातपाय धुतले जातील, ढीगभर भांडी घासली जातील. ते पाणी जाणार कोठे? डोक्यावर घागर आणावी लागे तेव्हा सांडपाणी परसातल्या अळवाला आणि केळीलाच संपे. नळ आले तसे सांडपाणीही वाढले.

मुंबईकर म्हणतील, हे काम शहराचे. खेड्याला कसली ड्रेनेजची योजना? त्यांच्याच दादरपलीकडची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1890 साली म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करणारे अ‍ॅकवर्थ ते हेच. आज ते रुग्णालय वडाळ्याचे म्हणून ओळखले जाते. त्या काळी माटुंगा म्हणजे शहराबाहेरची वस्ती. शहराचा मैला वरळीच्या लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशनवरून समुद्रात जाई. आश्रमाने मात्र स्वतःची सोय जागच्या जागी केली. ड्रेनेजचे इंजिनिअर सी. सी. जेम्स यांच्या देखरेखीखाली तेथे बंद टाकी झाली. 1897 च्या सुमारास टाकीतला वायू गोळा करून इंधन म्हणून वापरण्यात आला, पुढे त्यावर इंजिनही चालले. सांडपाणी शेतीला देण्याचा प्रयोगही तेथे झाला. गोबरगॅसच्या इतिहासात माटुंग्याचे नाव येते ते यामुळे.

समाजाने ज्यांना वेशीबाहेर काढले, त्यांच्या वस्तीत हे घडले, हे ध्यानात ठेवावे.

या धड्यातले मर्म असे. बंद टाकीत गाळ खाली बसतो आणि हवेवाचून जगणारे जंतू तो कुजवितात. पण वरून निघणारे पाणी निवळ दिसले तरी शुद्ध नसते. त्यात रोगजंतू असतात. टाकी म्हणजे निम्मे काम, उरलेले निम्मे माती करते. टाकीचे तोंड गटारात उघडे सोडले की पैसा खर्च होऊनही हगवण आणि कावीळ घरात येते.

कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत हेच काम हाती धरले. स्वतः भंगीकाम करून, मैल्याचे सोनखत होते हे त्यांनी लोकांना पटविले.

गावापुरती योजना साधी आहे. मोरीचे व भांड्यांचे पाणी आधी लहान कुंडीत घ्यावे, म्हणजे खरकटे व तेलकट गाळ तेथेच अडकेल. नंतर ते दगड-विटांचे तुकडे भरलेल्या शोषखड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात सोडावे. संडासाचे पाणी यात मिसळू नये. त्यासाठी दोन खड्ड्यांचा संडास बरा. एक भरला की दुसरा सुरू करावा, आणि पहिला निदान वर्षभर बंद ठेवून मग त्यातले खत काढावे. विहिरीपासून खड्डा निदान 50-60 फूट लांब हवा. जांभ्याच्या भेगांतून पाणी झपाट्याने झिरपते, तेथे अंतर आणखी वाढवावे आणि खड्डा विहिरीच्या उताराकडील बाजूस घ्यावा. कुंडी दर आठवड्याला साफ करण्याची पाळी वाडीवार ठरवावी. योजना बुडते ती पैशावाचून क्वचितच. पाळी चुकल्याने हमखास.

पायरीवर, घंटेवर, फरशीवर देणगीदाराचे नाव असते. सांडपाण्याच्या पाइपावर कोणी नाव घालत नाही. तरीही जमाखर्चात जे शिल्लक राहील त्यातून पहिला खर्च त्या पाइपाचा व्हावा. देवळाच्या विहिरीचे पाणी गावातली पोरे पितात. ते निर्मळ राहिले तर जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणता येईल.