नवस आणि नेम

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथील चिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरल्यावर तेथे कुंड लागते; काही वर्षांच्या अंतराने या कुंडाचे पाणी चढून मूर्तीच्या चरणांना लागते, तेव्हा भाविक गंगा आली असे म्हणतात. गौतम ऋषींच्या शापाने पीडलेल्या इंद्राने येथे आराधना केल्याची स्थळकथा आहे; म्हणजे देवांचा राजाही, खरे पाहता, अडचणीत सापडल्यावरच येथे आला. ही रीत नवसाच्या, अर्थात फळाच्या अटीवर बोललेल्या संकल्पाच्या, जवळची. नेम, म्हणजे अट न घालता पाळलेले व्रत, त्याहून निराळा: कापसाला भाव असो वा 2017 सारखे गुलाबी बोंडअळीचे साल असो, वद्य चतुर्थीची संकष्टी दर महिन्याला येतेच, आणि दिवसभर उपाशी असलेले घर चंद्रोदयानंतरच पानावर बसते.