जुन्या इंजिनाचा श्वास

क्रीडा-मोटार जुनी झाली की तिचा जोम ओसरतो, आणि जोम ओसरला की मालकाला नवे कार्बुरेटर, नवी कॅमशाफ्ट विकत आणण्याचा मोह होतो. हा मोह पुष्कळदा महागात पडतो.

ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेली ‘एम्‌जीबी’ ही मोटार पाहा. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १७९८ घन सेंटिमीटरचे. आरंभीची शक्ती ९५ अश्वशक्ती. कूळ मात्र साधे, घरगुती गाड्यांचे. भारताच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेल्या ॲम्बॅसडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन याच घराण्यातले. तेव्हा येथील जुन्या मिस्त्रीला ते सर्वस्वी परके वाटू नये.

इंजिन म्हणजे अखेर श्वासोच्छ्वास करणारे यंत्र. जितकी हवा आत जाईल, तितकेच पेट्रोल उपयोगी पडेल. या इंजिनात चार सिलिंडरांना हवेची द्वारे दोनच. शेजारच्या जोडीने एका द्वारातून श्वास घ्यावयाचा. शक्तीची खरी अडचण तेथे आहे, कार्बुरेटरच्या आकारात नव्हे. कुशल कारागीर सिलिंडर-हेडातील हे मार्ग व व्हॉल्व्हभोवतीचे कंगोरे घासून सुबक करतो, त्याचा लाभ बाजारातील कित्येक झगझगीत वस्तूंहून अधिक होतो.

पण त्याआधी आहे ते इंजिन निरोगी हवे. चारी सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा आहे काय? टॅपेटचे अंतर इंचाच्या पंधरा हजारांशाइतके आहे काय? ठिणगी वेळेवर पडते काय? मग कार्बुरेटरकडे वळावे. ‘एस्‌यू’ कार्बुरेटरची परीक्षा मोठी मौजेची आहे. इंजिन मंद चालू असता आतील पिस्टन इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतका उचलावा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रणात पेट्रोल अधिक. इंजिन अडखळले तर कमी. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर योग्य. दोन्ही कार्बुरेटरांतून हवाही सारखीच ओढली गेली पाहिजे. एवढ्यानेच गाडी पुष्कळदा हुशार होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हवेची गाळणी वा धुराड्याची नळी मोकळी केली आणि कार्बुरेटरची सुई तीच ठेवली, तर मिश्रण विरळ होते, उष्णता वाढते, आणि भरधाव गाडीचा पिस्टन वितळून त्याला भोक पडू शकते. मालकाला मात्र तोवर गाडी सुधारल्याचाच भास होत असतो! हेड घासून दाब वाढविला, तरी पेट्रोलचा दर्जा पुरतो काय, हे आधी पाहावे. ठोके ऐकू येऊ लागले की ठिणगी लगेच मागे घ्यावी. शिशाचे पेट्रोल २००० सालापासून ब्रिटन व भारत या दोन्ही देशांत सर्वसाधारण विक्रीतून गेले. त्या शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकांचे रक्षण करीत असे. म्हणून हेड उघडलेच आहे, तर कठीण पोलादी बैठका त्याच वेळी बसवून घ्याव्यात. दुसऱ्यांदा उघडण्याचा खर्च वाचतो.

उरली कॅमशाफ्ट. शर्यतीची कॅमशाफ्ट वरच्या वेगात बळ देते, पण शहरातील गर्दीत इंजिन कुरकुरत राहते. शिवाय १९६४ पूर्वीच्या इंजिनांत मुख्य बेअरिंगे तीनच होती, नंतर ती पाच झाली. तीन बेअरिंगांचे इंजिन असेल, तर कॅमशाफ्ट मूळचीच राहू द्यावी, आणि उरलेले पैसे ब्रेकवर खर्च करावेत.