डोक्यातील पाण्याचा निचरा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही कोणी वैद्य नव्हे. उभा जन्म खडू-फळ्यापुढे गेला. तरीही आज एका दुखण्याविषयी बोलावयास उभे आहोत, कारण त्यात आमच्या हातून चूक घडली.

इंदापूरच्या आमच्या वहिनींच्या मेंदूतील धमनीला आलेला फुगा फुटला. पुण्यास शस्त्रक्रिया झाली, त्या वाचल्या, घरी सत्यनारायणही झाला. दोन महिन्यांनी त्या पाय घासत चालू लागल्या. उंबरठ्याशी पाऊल जणू भुईला चिकटे. भाजीत मीठ घातले की नाही, हे आठवेना. पुढे अंथरूणही ओले होऊ लागले. सर्वांनी ठरविले, वय झाले! आम्ही तर एकदा चारचौघांत रागावलो. त्या निमूट बसून राहिल्या. ते मंदपणही रोगाचेच, हे मागाहून कळले.

मेंदूच्या पोकळ्यांत रोज सुमारे अर्धा लीटर पाणी पाझरते व तितकेच रक्तात शोषले जाते. फुग्यातून सांडलेल्या रक्ताने शोषणाच्या वाटा बुजू शकतात. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरीही, आणि कित्येकदा काही महिन्यांनी. नीरा डाव्या कालव्यावरील मंडळींस अधिक काय सांगावे? पाणी येत राहिले आणि निचरा थांबला की चांगली काळी जमीन पाणथळ होते. अशा रोग्याचे डोके दुखेलच असे नाही. कोलंबियाचे डॉ. सालोमोन हाकीम यांनी १९६५ साली दाखविले की, पाण्याचा दाब नेहमीइतका भरूनही चाल, बुद्धी व लघवीवरील ताबा बिघडतो. फसगत होते ती इथेच.

उपाय आपल्या शेतातल्या चरासारखाच. शंट नावाची बारीक नळी डोक्यातून कातडीखालून पोटात उतरवितात. लखनौच्या डॉ. छाब्रांनी देशी बनावटीची नळी सिद्ध केल्याने ती सामान्यांच्या आवाक्यात आली. मात्र नळी बुजते, तीत जंतूही शिरतात. ताप, उलट्या वा गुंगी आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वहिनींचे पाणी बारामतीस काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये दिसले. नळी बसविल्यावर आठवड्याभरात त्या अंगणात चालल्या. स्मरण मात्र पुरते परतले नाही. मधले चार महिने आम्ही दवडले होते. गेल्या दिवाळीत फराळाचे ताट पुढे ठेवून त्यांनी विचारले, "भावोजी, तेव्हा माझ्यावर का हो रागावला होता?" बाकी बरेच त्या विसरल्या आहेत.