हळदीच्या घरात लाइट कुठली लावायची?

वेसाव्यातल्या आणि वेसाव्याबाहेरच्या माझ्या सगळ्या ताया, मावश्या, आत्या, ऐकताय ना? मागच्या वेळी मी सुकटीच्या पॅकिंगवर बोलले होते. त्यानंतर तीन जणींचे फोन आले. तिघींनीही सुकटीचा एक शब्द काढला नाही. विचारलं ते एवढंच, "ताई, तुमच्या गटाच्या पोरी लग्नाचे फोटो काढतात, त्या लाइट कुठली वापरतात?" म्हणून आज त्याच विषयावर बोलते. आणि सुरुवात आमच्या चुकीपासून करते, कारण चूक आमची होती आणि पैसेही गटाचे होते.

आमच्या गटातल्या चौघींनी फोटोचं काम सुरू केलं तेव्हा एक जुना कॅमेरा आणि दोन बरे मोबाइल एवढंच भांडवल होतं. कोळीवाड्यातली हळद म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. हॉलमधलं लग्न एकवेळ साधं होईल, पण हळद दणक्यातच होणार, तीही रात्री, घरात आणि गल्लीत. आत धवलारीण गाणी म्हणतेय, बायका नवरीला हळद लावतायत, आणि तिथे पुरुष फोटोग्राफरला उंबऱ्याशीच थांबावं लागतं. आमच्या पोरी मात्र सरळ आत जातात. आमचं काम चालणार ते याच जोरावर, हे आम्हाला कळलं होतं. लाइटचं मात्र काहीच कळलं नव्हतं. गटातून कर्ज घेतलं आणि इलेक्ट्रिकच्या दुकानातून १०० वॅटच्या दोन फ्लड लाइट आणल्या. त्याच, ज्या बांधकामावर किंवा सोसायटीच्या गेटवर लावतात. स्वस्त आणि भरपूर उजेड. आम्ही खूश.

पहिल्याच हळदीत त्या लावल्या. नवरीची आजी पाटाच्या बाजूला बसलेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. आजी म्हणाली, "गो पोरी, डोले दिपतान माजे." आम्ही हसून म्हटलं, "आजी, दोनच मिनिटं." त्या दोन मिनिटांचे तीन तास झाले. फोटो बघितले तर सगळ्यांचे चेहरे हिरवट, हळद लिंबाच्या सालीसारखी, कुंकू मातकट. काही फोटोंवर तर आडवे काळे पट्टे. आणि आजीचे डोळे एकाही फोटोत उघडे नाहीत.

चार महिन्यांनी आजी गेली. घरची माणसं फ्रेमसाठी फोटो मागायला आली. चारशे फोटोंतून आम्हाला एक देता आला नाही. शेवटी त्यांनी भाच्याने मोबाइलवर काढलेला, दुपारी खिडकीपाशी बसलेल्या आजीचा फोटो लावला. तो अजून त्यांच्या भिंतीवर आहे, मी त्या घरी गेले की बघते. लाइट निवडणं ही हौसेची गोष्ट नाही, हे मला तिथे कळलं.

आता त्या फ्लड लाइटमध्ये काय बिघडलं ते सांगते, म्हणजे दुकानात काय विचारायचं ते आपोआप कळेल.

पहिली गोष्ट रंगाची. प्रत्येक एलईडी पांढरी दिसली तरी तिच्यात सगळे रंग सारखे नसतात. फोटोच्या लाइटच्या बॉक्सवर सीआरआय म्हणून एक आकडा असतो, शंभरपैकी. ९५च्या पुढचा असेल तरच घ्या. त्यातही एक गोम आहे. हा आकडा आठ फिकट रंगांवरून काढतात, भडक लाल त्यात धरतच नाहीत. त्याचा वेगळा आकडा असतो, त्याला आर-नाइन म्हणतात, आणि तो बॉक्सवर असेलच असं नाही. आपल्याकडे तर कुंकू लाल, शालू लाल, आणि माणसाच्या कातडीतही लाल असतोच. तो मेला की सावळी बाई आजारी दिसते. आकडे राहू दे, आम्ही आता दुकानात एक डबी घेऊन जातो. त्यात हळदीची पूड, कुंकू आणि हिरवी बांगडी. लाइट लावायची, तळहातावर तिन्ही ठेवायचं आणि फोटो काढायचा. मग दुकानाबाहेर सावलीत तोच फोटो काढायचा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचे. दुकानदार पहिल्यांदा हसतो, दुसऱ्यांदा तोच "ताई, तुमची डबी आणलीत का?" विचारतो.

दुसरं, ते काळे पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिच्यावर चालणारी हलकी एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात. हॉलमधल्या झालरी आणि रंगीत लाइटसाठीही हेच. पण फोटोची म्हणून बनवलेली, बॅटरीवरची चांगली लाइट घेतलीत तर निदान आपल्या लाइटचा हा त्रास राहत नाही.

तिसरं आजीच्या डोळ्यांचं. छोट्या जागेतून येणारा जोराचा झोत डोळ्यात खुपतो आणि नाकाखाली काळी सावली पाडतो. तोच उजेड मोठ्या पांढऱ्या कापडातून, छत्रीतून किंवा पांढऱ्या छतावरून उलटून आला की मऊ होतो. तेव्हा लाइट किती वॅटची हे नंतर विचारा, आधी तिच्यापुढे मऊ कापड लावता येतं का ते बघा.

आमच्या पिढीला जुन्या लग्नांतली हॅलोजन आठवत असेल. व्हिडिओवाल्याच्या मागे एक पोऱ्या काठीला लावलेला 'फोकस' घेऊन फिरायचा, वायर सगळ्यांच्या पायात, नवरीचा मेकअप उतरलेला. तसे हजार वॅटचे दोन फोकस एका एक्स्टेन्शनवर लावले की झाले २००० वॅट, आणि घरातला साधा ६ अँपिअरचा पॉइंट फार तर १३८० वॅट पेलतो. मग अर्धं घर अंधारात, शिवाय मासळीचा फ्रीझर बंद. ती कटकट एलईडी आणि बॅटरीने संपवली, एवढं मात्र खरं.

मग घ्यायचं काय? तुम्ही मोबाइलवर फोटो काढता की कॅमेऱ्यावर, हे आधी ठरवा. मोबाइलला बाहेरचा फ्लॅश सहसा चालत नाही, त्याची वेळ जुळत नाही. मोबाइलवाल्या ताईने एलईडी पॅनलच घ्यावं. त्यात पिवळा-पांढरा रंग कमीजास्त करता येईल असं, ३२०० ते ५६०० केल्विन लिहिलेलं बघा. घरात पिवळे बल्ब असतील तर पॅनल पिवळ्याकडे न्यायचं, पांढरी ट्यूब असेल तर पांढऱ्याकडे. दोन्ही असतील तर घरच्यांना सांगून एक बंद करायचं. अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळा कुणालाच नको असतो. खिशात मावणारं १०-१२ वॅटचं पॅनल दोन चेहऱ्यांना पुरतं. वीस माणसांच्या ग्रुपला ते पुरत नाही, दुकानदाराने कितीही सांगितलं तरी. रिंग लाइट मेंदीला आणि पार्लरला ठीक, ग्रुपला नको. प्रत्येक चष्म्यात एक बांगडी दिसते.

कॅमेरा असेल तर माझं मत सरळ आहे: दोन पॅनलांपेक्षा मान फिरणारा एक फ्लॅश, तो लांबून चालवायचा ट्रिगर, एक पांढरी छत्री आणि एक स्टँड घ्या. फ्लॅश क्षणभरच पेटतो, पण त्या क्षणाचा जोर पॅनलपेक्षा कितीतरी जास्त. गल्लीत बायका नाचत असतात तेव्हा पदर, हात, गजरा जिथल्या तिथे थांबतो. शटर मात्र साधारण एक द्विशतांशाच्या वर नेऊ नका, नाहीतर फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी येते. आम्ही एक साठांश ते एक शतांशच्या आसपास ठेवतो, म्हणजे मागचं तोरण आणि माळाही फोटोत येतात.

ग्रुप फोटोचं एक गणित सांगते. दुकानात ते कुणी सांगत नाही. उजेडापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. समजा लाइट पहिल्या रांगेपासून ४ फुटांवर आहे आणि शेवटची रांग ८ फुटांवर. मागच्या काक्यांना पुढच्या पोरांच्या चौथाई उजेड. आता लाइट मागे नेऊन १२ फुटांवर ठेवा, मागची रांग १६ फुटांवर. आता त्यांना निम्म्याहून जास्त मिळतो. लाइट लांब नेली की एकूण उजेड कमी होतो, म्हणून ग्रुपला जोर लागतो, आणि म्हणून मी फ्लॅशची बाजू घेते. लाइट डोक्याच्या बऱ्याच वर आणि जरा बाजूला ठेवा, चष्म्यातली चमक जाते. तरी एखाद्या काकांच्या चष्म्यात राहिलीच तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा.

पण आमच्याकडे १२ फूट आणायचे कुठून? शिव गल्ली असो की मांडवी गल्ली, कितीतरी घरांची खोलीच दहा-बारा फुटांची, त्यात पोटमाळा. अशा घरात फ्लॅशचं तोंड छताकडे, जरा आपल्याच मागे फिरवायचं. सगळं छत लाइट होऊन जातं. मात्र आधी मान वर करून बघा. छत पांढरं हवं. तपकिरी पीव्हीसीचं असेल तर उजेड तिथेच मरतो. आणि भिंतीवर उडवू नका, आपल्याकडे भिंती पोपटी नाहीतर गुलाबी ऑइलपेंटच्या. पोपटी भिंतीवरून आलेला उजेड नवरीलाही पोपटी करतो. अशा वेळी दोघींनी पांढरी चादर ताणून धरली तरी काम होतं. म्हणून आम्ही हळदीच्या दोन दिवस आधी घर बघून येतो. चहा होतो, छत बघून होतं, आणि घरात डोळ्याचं ऑपरेशन झालेलं किंवा तान्हं कुणी आहे का तेही कळतं. त्यांच्या फोटोला फ्लॅश नाही. कापड लावलेलं पॅनल, कमीत कमी जोरावर, बाजूने.

स्टँडचं विसरू नका. नाचत्या गर्दीत हलका स्टँड पडणारच. विकतची वाळूची पिशवी आम्ही घेतली नाही, घरच्या जुन्या जाळ्याची शिशाची वजनं कापडी पिशवीत शिवून स्टँडच्या पायाला बांधली. आणि खाऱ्या हवेने बॅटरीच्या पट्ट्यांवर पांढरट थर चढतो. तो कोरड्या कापडाने पुसायचा, आणि सगळं सामान झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचं. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचं नाही. पॅनल असेल तर प्रत्येकी दोन बॅटऱ्या धरा. हळद वेळेवर संपल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

स्टँड पकडायला एक बाई लागतेच. पहिल्या वर्षी आमच्यात यावरूनच भांडण झालं. कॅमेरावाली म्हणाली, "मी फोटो काढते, ती नुसती उभी असते, तिला निम्मे पैसे." बैठकीत मी होमाई व्यारावालांची गोष्ट सांगितली. १९१३ साली नवसारीला जन्मल्या, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या काळी फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा, पुढच्या फोटोला नवा बल्ब. अशी मेहनत करूनही त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावावर. मी विचारलं, "बाईचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं तेव्हा आपल्याला राग येतो ना? मग हिच्या कामाचं काय?" थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग लाइट धरणारीला सारखा वाटा, असा ठराव झाला. कॅमेरावाली आठवडाभर माझ्याशी धड बोलत नव्हती, ते सोडा. आता त्या दोघी आलटून पालटून काम करतात.

आणि पैशाचं. लगेच विकत घेऊ नका. आपण अंधेरीत राहतो, सिनेमा-सीरियलच्या कामामुळे इथे लाइट भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. आराम नगरला ऑडिशनसाठी पोरापोरींची रांग लागते, त्याच भागात चौकशी केली तरी पत्ता मिळतो. आम्ही फ्लड लाइट विकून टाकल्या, अर्थात तोट्यात. मग तीन लग्नं भाड्याच्या सामानावर केली, एकदा पॅनल, एकदा फ्लॅश, एकदा दोन्ही. अनामत ठेवावी लागते, आणि सामान परत करताना प्रत्येक वस्तू त्यांच्यासमोर लावून दाखवायची, नाहीतर जुना ओरखडा आपल्या नावावर येतो. तीन लग्नांनंतर आमच्या पोरींनीच सांगितलं काय हवं ते. बिल गटाच्या नावावर घेतलं, वॉरंटीचा कागद वहीला टाचला, आणि कर्जाचे हप्ते प्रत्येक ऑर्डरमधून आधी बाजूला काढले. नवव्या महिन्यात कर्ज फिटलं.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या गटाच्या खोलीत आम्ही दोन्ही लाइट लावून दाखवणार आहोत. फोटो काढणाऱ्या या, काढून घेणाऱ्याही या. घरात कुणी आजी असेल तर तिला सोबत आणा, तिचा एक फोटो आम्ही काढून देऊ. येताना पुडीत चिमूटभर हळद, कुंकू आणि एक हिरवी बांगडी तेवढी घेऊन या.