शाळेतून पंढरीच्या दारी
(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावाच्या देवळावर कलश चढणे हा भाग्याचा दिवस असतो. अशा दिवशी एखाद्या संताचे चरित्र सांगावे, अशी आपल्याकडील प्रथा आहे. आज एका मास्तरांचे चरित्र सांगण्याचे योजले आहे. शाळामास्तरांचा आणि देवळाचा संबंध काय, असे कोणास वाटेल. परंतु ज्या मास्तरांनी पंढरीच्या पांडुरंगाचे दार सर्वांना उघडावे म्हणून आपले प्राण पणाला लावले, त्यांचे स्मरण कलशारोहणाच्या दिवशी करायचे नाही, तर केव्हा करायचे? ते मास्तर म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. अवघा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड या गावी झाला. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. घराणे खोताचे. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा वतनदार. आजोबांच्या काळी घरात सुबत्ता होती, माणसांचा राबता होता. पुढे भाऊबंदकी झाली, कर्ज वाढले आणि घर उतरणीला लागले. कोकणातली शेती म्हणजे काय, हे ज्याने केली त्यालाच ठाऊक. डोंगरउतारावर राब भाजायचा, मृगाच्या पावसात तरवा पेरायचा, गुडघाभर चिखलात उभे राहून भाताची लावणी करायची, वरकस जमिनीत नाचणी-वरी घ्यायची आणि एवढे करून सावकाराचे व्याज फिटत नाही ते नाहीच. अशा मुलखात पांडुरंग वाढला. आईने स्वाभिमानापोटी वेगळा संसार थाटला, तोही गवताने शाकारलेल्या मातीच्या घरात. अखेर कर्जापायी जप्तीची वेळ आली आणि त्याच दुःखाच्या दिवसांत, १९१७ साली, आई गेली. मुलगा तेव्हा शिक्षणासाठी दूर होता. आईची शेवटची भेट झाली नाही.

या माउलीने आपल्या मुलाला काय दिले, ते गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून लिहिले. ९ फेब्रुवारीला लेखन सुरू झाले आणि १३ फेब्रुवारीला संपले. अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ हा ग्रंथ तयार झाला. पुढे आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, हे सर्वांना माहीत आहेच. त्या पुस्तकातील एकच प्रसंग आज ध्यानात घ्यायचा आहे.

एक म्हातारी महार बाई लाकडांची मोळी घेऊन चालली होती. मोळी खाली पडली. अंगात त्राण नाही आणि शिवाशिवीच्या भयाने कोणी हात लावीना. श्यामच्या आईने श्यामला सांगितले की जा, तिला मोळी उचलून दे. मात्र त्यासोबत असेही सांगितले की मग घरी येऊन आंघोळ कर.

हा प्रसंग वाचताना पुष्कळांचे लक्ष मोळीवर राहते, आंघोळीवर जात नाही. ती माउली थोर खरी. साऱ्या गावाने पाठ फिरवली असता तिने आपल्या पोटच्या मुलाला त्या म्हातारीकडे पाठवले. परंतु ती आपल्या काळातली होती. स्पर्श करायला तिने सांगितले, पण विटाळ मानणे तिला सोडता आले नाही. आईने एक पाऊल टाकले. उरलेले पाऊल मुलाला टाकायचे होते. ते टाकायला त्याला सारे आयुष्य लागले आणि त्या वाटेवर मधली शाळा ही फार मोठी पायरी होती.

गरिबीमुळे पांडुरंगाचे शिक्षण सरळ झाले नाही. दापोलीची मिशन शाळा, मग औंध संस्थानातली शाळा, तिथे हाताने स्वयंपाक, कधी अर्धपोटी दिवस, त्यात प्लेगची साथ, मग पुणे. अशा हालअपेष्टांतून ते पदवीधर झाले आणि पूर्व खानदेशातील अंमळनेरला तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले. तिथेच १९२४ साली प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. नोकरी केली ती जेमतेम सहा वर्षे. पण सहा वर्षांत एक शिक्षक काय करू शकतो, याचा हा दाखला आहे.

शाळेबरोबर वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. वसतिगृहातली मुले खेड्यापाड्यांतून आलेली, घर सोडून पहिल्यांदाच परगावी राहिलेली. आपल्यापैकी ज्यांनी मुलगा किंवा मुलगी तालुक्याला शिकायला ठेवली असेल, त्यांना त्या पोरांचे मन कळेल. गुरुजी त्या पोरांत जाऊन राहिले. मुलांनी अंथरुणे तशीच टाकली तर स्वतः गुंडाळून ठेवीत, खोल्या झाडीत, कपडे धुऊन टाकीत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढीत. कोणाची फी अडली तर आपल्या पगारातून भरीत. छडी न उगारता मुले वळणावर आली, कारण आपले अंथरूण गुरुजी उचलतात याची मुलांनाच लाज वाटू लागली. याशिवाय मुलांसाठी ते रोज स्वतःच्या हाताने मजकूर लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढीत. थोरांची चरित्रे, देशातल्या घडामोडी, चार उपदेशाच्या गोष्टी त्यात असत. एका वसतिगृहासाठी रोज एक हस्तलिखित दैनिक! आज सर्व साधने हाताशी असताना हे ऐकून नवल वाटते.

शेतकऱ्याच्या घरात एक शिकवण न सांगता मिळते. गोठ्यातले शेण काढणे हे काम हलके आणि धान्य मोजणे हे काम थोर, असा भेद कष्टाच्या घरात चालत नाही. दोन्ही केल्याशिवाय घर चालत नाही. गुरुजींनी हीच गोष्ट शाळेत आणली. मास्तरने झाडू हातात घेतला की झाडूचा विटाळ जातो. आणि झाडूचा विटाळ गेला की झाडणाऱ्याचा विटाळ कुठे उरतो?

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली आणि गुरुजींनी नोकरी सोडली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक असे तुरुंगवास घडले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत. ती प्रवचने गुरुजींनी उतरून घेतली. आज घरोघरी वाचली जाणारी ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली ती या मास्तरांच्या लेखणीमुळे. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हाही गुरुजी खानदेशच्या गावागावांतून फिरले. शाळा सुटली होती, परंतु शिकवणे सुटले नव्हते.

आता पंढरपूरकडे वळू.

चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, तेथे जात विचारली जात नाही. परंतु महाद्वाराच्या आत काय होते? चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीपाशी आहे. शतकानुशतके लाखो भाविक त्या समाधीला हात जोडून आत गेले आणि चोखोबांच्या जातभाईंना मात्र पायरीवरूनच परतावे लागले.

हे दार गुरुजींनीच प्रथम ठोठावले असे मात्र म्हणता येणार नाही. ज्यांच्यावर अन्याय होत होता, ते स्वतः आधीच उठले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते आणि हजारो स्त्री-पुरुष तिथे लाठ्या-दगड सोसून उभे राहिले. हा लढा पाच वर्षे चालला आणि तरी दार उघडले नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी सांगितले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. १९५६ साली नागपुरास लाखो लोकांसह त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ज्यांना दारातून परत पाठवले, त्यांनी आपला मान राखून आपली वाट धरली. त्याचा दोष जाणाऱ्यांकडे नाही. ज्यांच्या हाती दाराची कडी होती, त्यांनी याचा विचार करायचा होता.

दार ज्यांनी बंद ठेवले त्यांच्या घरचाच माणूस म्हणून साने गुरुजी पुढे आले. स्वराज्य जवळ आलेले दिसत होते. देश स्वतंत्र होणार आणि पांडुरंग मात्र कोंडलेला राहणार, हे त्यांना सहन होईना. त्यांनी उपोषणाचा निश्चय केला. सेनापती बापटांसारख्या वडीलधाऱ्या माणसांनी सांगितले की आधी लोकांकडे जा, लोकमत तयार करा. गुरुजींनी ते मानले आणि काही महिने महाराष्ट्र पालथा घातला. राष्ट्र सेवा दलाची कलापथके बरोबर असत. गावात जायचे, गाणी-पोवाडे व्हायचे, मग गुरुजी बोलायचे. वर्गात धडा समजावून द्यावा तसा हा धडा त्यांनी गावोगावी समजावला आणि कित्येक गावांनी आपापली देवळे व पाणवठे त्या दौऱ्यात खुले केले.

पंढरपूरचे दार मात्र बंदच होते. १ मे १९४७ रोजी पंढरपुरातच तनपुरे महाराजांच्या मठात गुरुजींनी उपोषण आरंभिले. तिथे मठात जागा देणे ही त्या वेळी सोपी गोष्ट नव्हती. एका वारकरी महाराजांनी ती दिली, हे वारकरी मंडळींनी अभिमानाने सांगावे असे आहे. गांधीजींनी तार करून उपोषण थांबवावे असे सुचवले. गुरुजी गांधीजींना देवासमान मानणारे, तरीही या बाबतीत त्यांनी आपल्या अंतःकरणाचा कौल मानला. पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले दादासाहेब मावळंकर मध्यस्थीसाठी पंढरपुरास आले. बोलणी झाली, मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले आणि १० मे रोजी, दहाव्या दिवशी, उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला. २६ जानेवारी १९५० पासून तर राज्यघटनेनेच अस्पृश्यता नष्ट केली.

दारिद्र्यात वाढलेल्या त्या मुलाने आईच्या सांगण्यावरून मोळीला हात लावला होता. मोठेपणी त्याने असा आग्रह धरला की त्या म्हातारीने पांडुरंगाच्या पायांवर डोके ठेवावे आणि त्यानंतर कोणी आंघोळ करू नये. आईची शिकवण त्याने मोडली नाही. तिला जिथवर पोचता आले नाही तिथवर ती नेली.

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थही हाच आहे. जोते तेच ठेवायचे, देव तोच ठेवायचा आणि कुजलेला वासा तेवढा काढायचा. वाळवी लागलेला वासा वाडवडिलांनी चढवला म्हणून तसाच ठेवला, तर एक दिवस छप्पर देवाच्याच अंगावर येते. शिवाशिवीचा वासा असाच कुजलेला होता. कायद्याने तो काढला. त्याची वाळवी कोठे मनाच्या कोपऱ्यात राहिली आहे का, हे प्रत्येक गावाने आपापल्या देवळात दिवा घेऊन पाहायचे आहे.

उपोषणानंतर गुरुजींना फार वर्षे लाभली नाहीत. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, म्हणून आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. ११ जून १९५० रोजी त्यांनी या जगाचा निरोप घेतला. वय अवघे पन्नास. ‘साधना’ अजून निघते आहे आणि त्यांची पुस्तके अजून मुलांच्या हाती पडताहेत.

ग्रामस्थहो, देऊळ बांधायला पैसा लागतो. ज्यांनी तो दिला, त्यांचे गाव ऋणी असते. कोणी हजारो दिले असतील, कोणी मोलमजुरीतला एक दिवस दिला असेल, कोणी डोक्यावर वाळूची पाटी वाहिली असेल. फरशीवर नावे कोरताना रकमेचा क्रम लागतो, ते व्यवहाराला धरून आहे. परंतु गाभाऱ्यात उभे राहताना तो क्रम लागू नये. काल्याच्या पंगतीत सर्वांची पाने एका ओळीत पडावीत. पालखीचा खांदा गावातल्या प्रत्येक आळीला मिळावा. आणि आणखी एक गोष्ट करता येईल. सभामंडपात संध्याकाळी दिवा असतोच. ज्या घरांत अभ्यासाला जागा नाही, त्या घरांतल्या मुलामुलींनी तिथे दोन तास बसून अभ्यास करावा आणि गावातल्या शिकलेल्या माणसांनी आळीपाळीने त्यांच्याजवळ बसावे. या कामाला वर्गणी लागत नाही. अशा मंडपात साने गुरुजींसारखा मास्तर कधी ना कधी घडेल.

ग्रामदैवताने सर्वांना तशी बुद्धी द्यावी, उघडलेले दार उघडेच ठेवण्याचे बळ द्यावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.