मूक झालेला इशारा-ध्वनी : लिनक्स संगणकावरील दोषाचा शोध

(जालना जिल्ह्यातील कार्यालयांत व शाळांत संगणक हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीच्या भाषणाचा मजकूर)



गावात दवंडी पिटली जाई तेव्हा आधी डफावर थाप पडे आणि नंतर मजकूर सांगितला जाई. थाप ऐकून माणूस हातातले काम थांबवी व कान देई. थाप न मारता कोणी नुसता मजकूर पुटपुटत गेला असता, तर दवंडी पिटल्याची नोंद झाली असती, पण गावाला तिचा पत्ता लागला नसता. संगणकाच्या इशारा-ध्वनीचे कार्य नेमके त्या थापेचे आहे. हा ध्वनी मूक झाला म्हणजे संगणक सांगायचे ते सांगतोच, परंतु ते ऐकले जात नाही.

ही गैरसोय वरवर किरकोळ वाटते. पण भोकरदन किंवा मंठा तालुक्यातील एखाद्या दूरच्या गावाहून दिवसाची मजुरी बुडवून कोणी दाखल्यासाठी आला आहे, वीज गेलेली आहे, आणि कर्मचाऱ्याची नजर समोरच्या कागदपत्रांवर आहे, अशी कल्पना करावी. लॅपटॉपची बॅटरी संपत आल्याची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात झळकते आणि नाहीशी होते. ध्वनी झाला नाही तर अर्धा भरलेला अर्ज बॅटरीबरोबरच जातो आणि त्या माणसाला दुसरा हेलपाटा पडतो. दृष्टिहीन कर्मचाऱ्याच्या बाबतीत तर ध्वनी हाच पडदा असतो. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा त्यांना समान संधीची हमी देतो. ती हमी प्रत्यक्षात उतरवायची तर त्यांच्या मेजावरचा संगणक बोलता असला पाहिजे.

लिनक्सची पार्श्वभूमी

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेने याच पायावर ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली सिद्ध केली व तीत मराठीसह भारतीय भाषांची सोय केली. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरणही जाहीर केले. या प्रणालीची अंतर्गत रचना सर्वांना खुली असते. त्यामुळे दोष कोठे आहे हे सामान्य कर्मचाऱ्यालाही पायरीपायरीने पाहता येते.

इशाऱ्याची घंटा संगणकाला टेलिप्रिंटरकडून मिळाली. तारेच्या यंत्रावर महत्त्वाचा संदेश आला की घंटा वाजवण्याची सोय असे. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आस्की संकेतावलीतही ७ हा क्रमांक घंटेसाठी राखला गेला. पुढे संगणकाच्या पेटीत एक लहानसा स्वतंत्र भोंगा आला. आज अनेक लिनक्स प्रणालींत तो मुळातच बंद ठेवलेला असतो. म्हणून जुना ‘टूक’ आवाज येत नाही, एवढ्यावरून यंत्र बिघडले असे समजू नये.

ध्वनीची नळयोजना

जालना शहराला पैठणच्या जायकवाडी जलाशयातून अंबडमार्गे पाणी येते. घरच्या तोटीला पाणी आले नाही म्हणून कोणी थेट पैठण गाठत नाही. आधी तोटी, मग घरचा व्हॉल्व्ह, मग गल्लीतील नळ, मग टाकी असा शोध घेतला जातो. ध्वनीचेही तसेच आहे. एखादा कार्यक्रम इशारा देतो, ध्वनिसंचातून योग्य ध्वनी निवडला जातो, पल्सऑडिओ किंवा पाइपवायर ही ध्वनिसेवा तो पुढे पाठवते, अल्सा ही गाभ्यातील व्यवस्था तो साउंड कार्डाकडे नेते आणि शेवटी स्पीकर वाजतो. शोध तोटीकडून, म्हणजे स्पीकरकडून, सुरू करावा.

प्रथम स्पीकरची पिन व बटण पाहून एखादे गाणे लावावे. येथे वाट दुभंगते.

गाणेही ऐकू येत नसेल, तर सर्व ध्वनीचा मार्ग अडलेला आहे. सेटिंग्जमध्ये ध्वनी कोणत्या साधनाकडे जात आहे ते पाहावे. एचडीएमआय तारेने मॉनिटर जोडलेला असला की ध्वनी त्या मॉनिटरकडे वळतो, आणि मॉनिटरला स्पीकरच नसेल तर तो तेथेच जिरतो. साधन बरोबर असूनही शांतता असेल, तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडावा. पट्टीखाली ‘एमएम’ अशी अक्षरे दिसली, तर तो मार्ग मूक केलेला आहे. ‘एम’ची कळ दाबताच तो खुला होतो.

गाणे स्पष्ट वाजते पण इशारा मूक आहे, असे असेल तर साउंड कार्ड, तार व स्पीकर निर्दोष आहेत. त्यांना हात लावू नये. इशारा-ध्वनीला स्वतःचा निराळा व्हॉल्व्ह असतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ध्वनीच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टम साउंड्स’ नावाची वेगळी पट्टी असते. कोणी कधी काळी ती शून्यावर नेलेली असली, तर ध्वनिसेवा ते स्मरणात ठेवते. त्यामुळे संगणक कितीदा बंद-चालू केला तरी फरक पडत नाही. पट्टी वर सरकवली की काम होते. त्याच ठिकाणी इशारा-ध्वनी म्हणून ‘काही नाही’ असा पर्याय निवडला गेला आहे काय, हेही पाहावे. ध्वनीच्या नावावर टिचकी मारली की तो वाजतो. हीच सोपी चाचणी होय. तरीही तो न वाजल्यास ध्वनिसंचाचे पॅकेज बसवलेले आहे की नाही ते तपासावे.

आणखी एक प्रकार फसवा असतो. इशारा कधी ऐकू येतो, कधी येत नाही. वीज वाचवण्यासाठी साउंड कार्ड काही सेकंद काम नसले की निद्रिस्त होते. इशारा क्षणभराचा असतो. कार्ड जागे होईपर्यंत तो संपून गेलेला असतो. हळू आवाजात गाणे चालू ठेवून इशारा वाजवून पाहावा. तो दर वेळी ऐकू आला, तर दोष या निद्रेचा आहे व वीज-बचतीचे सेटिंग बदलणे हाच उपाय आहे.

काही पथ्ये

एका वेळी एकच बदल करावा आणि तो नोंदवहीत लिहून ठेवावा. दहा गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला हे कळत नाही. शोध खुंटला तर संगणकावर नवे वापरकर्ता खाते उघडून पाहावे. तेथे इशारा वाजला, तर यंत्र ठीक असून दोष जुन्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये आहे. ही चाचणी केल्याखेरीज संपूर्ण प्रणाली नव्याने बसवण्याच्या भरीस पडू नये. व्हॉल्व्ह बंद असताना नवी मोटार आणण्यासारखाच तो खर्च ठरतो. शिवाय कार्यालयाचा दिवस मोडतो तो वेगळाच.

इशारा बंद पडल्याचे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नुकसान झाल्यावरच ते उमगते. म्हणून महिन्यातून एकदा, यूपीएस तपासण्याच्या दिवशीच, प्रत्येक संगणकाचा इशारा वाजवून पाहावा. या कामास दोन मिनिटे पुरतात. त्यासाठी निधी लागत नाही, तंत्रज्ञही लागत नाही. कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने ही जबाबदारी आपली मानली, म्हणजे खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा दुसरा हेलपाटा वाचू शकेल.