तेवीस आणि बत्तीस

२०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणित-पुस्तकांत 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' हें वाचन आलें आणि घरोघरीं वाद माजला. गणित-समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची अडचण खरी होती: २३ लिहितांना दोन आधीं, बोलतांना तीन आधीं, मग मूल तेवीस ऐकून ३२ लिहितें. अकोल्याकडे मीं तपासलेल्या पाट्यांवर हा उलटफेर नित्याचा असे. कानडी-तेलुगूंत दशक आधीं येतो; जर्मनींत मात्र आपल्यासारखा मागून.

तरीहि जुनीं नांवें टाकण्यास माझें मन घेत नाहीं. 'एकोणतीस' म्हणजे एक उणा तीस; वजाबाकी नांवांतच उरकलेली. 'अडीच' हा मूळचा अर्धतृतीय, दोन पुरे आणि तिसरा अर्धा. (एकोणनव्वद म्हणतों, तर नव्व्याण्णवाला 'एकोणशंभर' कां नाहीं, असें मुलें हटकून विचारीत!) १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, तोंवर अमरावतीच्या कापूस-बाजारांत सोळा आण्यांचा हिशेब पावकी-निमकीच्या बळावरच चाले.

तेव्हां दोन्ही वाचनें ठेवावीं, मात्र क्रमानें. मीं पऱ्हाटीच्या काड्या घेत असें. दहा-दहाच्या दोन जुड्या, शेजारीं तीन सुट्या. जुड्यांवर बोट ठेवून 'वीस', सुट्यांवर 'तीन', आणि सगळ्यांवर हात फिरवून 'तेवीस'. हें आठ-पंधरा दिवस चाले. त्यानंतरच पाटी-पेन्सील हातीं द्यावयाची.